इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन आणि धमनीची आतली भिंत

हृदयविकाराचा पहिला झटका पुरुषांना आणि स्त्रियांना एकाच वयात येत नाही. 52 देशांतील रुग्णांची पाहणी करून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा आल्याचे आढळले. पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकार विरळा असतो आणि रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढते, ही गोष्ट अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे 1948 पासून चालत आलेल्या अभ्यासातूनही 1976 साली पुढे आली होती. त्यावरून निघालेला निष्कर्ष अगदी सरळ वाटणारा होता: बीजांडकोशांत तयार होणारे इस्ट्रोजेन हृदयाचे रक्षण करते, तेव्हा ते आटले की बाहेरून द्यावे. हा निष्कर्ष अर्धाच खरा निघाला, आणि उरलेला अर्धा उलगडण्यासाठी काही दशके आणि हजारो स्त्रियांचा सहभाग असलेल्या चाचण्या लागल्या.

लैंगिक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हा मुळात रक्तातून फिरणारा एक निरोप असतो. तो कोणत्या वाटेने आला, किती प्रमाणात आला आणि मुख्य म्हणजे ज्या रक्तवाहिनीने तो ऐकायचा तिची अवस्था त्या वेळी काय होती, यावर त्याचा परिणाम ठरतो. ‘इस्ट्रोजेन हृदयाला चांगले की वाईट’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही ते याच कारणाने.

सुरुवात रक्तवाहिनीपासूनच केली पाहिजे. आपण धमनीची कल्पना बहुधा एखाद्या नळीसारखी करतो, परंतु ती जिवंत, हलणारी, सतत निर्णय घेणारी ऊती आहे. तिच्या अगदी आतल्या बाजूला, रक्ताला प्रत्यक्ष चिकटून, पेशींचा केवळ एक थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. हा एकपदरी थर किती कामाचा आहे हे कळले ते जवळजवळ अपघाताने. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट हे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य दिले की जिवंत प्राण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, पण प्रयोगशाळेतील पट्ट्या मात्र त्याच द्रव्याने आकसत असत. 1978 साली एकदा पट्ट्या तयार करताना त्यांची आतली बाजू नेहमीसारखी घासली गेली नाही, आणि त्या पट्ट्या सैल पडल्या. घासताना निघून जाणारा तो नाजूक थरच शेजारच्या स्नायूंना सैल होण्याचा निरोप देत होता, हे फर्चगॉट यांनी 1980 साली जगापुढे मांडले. निरोप देणारे द्रव्य पुढे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाले, आणि या शोधाबद्दल फर्चगॉट, लुइस इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नायट्रिक ऑक्साइड धमनी रुंद ठेवतो, रक्तातील बिंबिकांना, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही आणि भिंतीत दाह पसरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना आत शिरण्यापासून अडवतो. अंतःस्तर निरोगी आहे याचा अर्थ तो हा वायू वेळेवर आणि पुरेसा तयार करतो. धमन्यांत मेदाचे थर साचण्याची प्रक्रिया सुरू होते तेव्हा पहिला बिघाड बहुधा इथेच होतो, कोणताही अडथळा दिसू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी.

इस्ट्रोजेनचे काम याच पेशींवर चालते. अंतःस्तराच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, आणि ते दोन वेगवेगळ्या गतींनी काम करतात. पेशीच्या आवरणालगत असलेले ग्राहक काही मिनिटांतच नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चालना देतात, त्यामुळे रक्तवाहिनी लगेच सैल होते. पेशीकेंद्रातील ग्राहकांचे काम सावकाश चालते. ते जनुकांना हात घालतात आणि काही तासांत किंवा दिवसांत तेच विकर अधिक संख्येने तयार करवून घेतात. याच्या जोडीला रक्तवाहिनी रुंदावणारे प्रोस्टासायक्लीन वाढते आणि तिला आवळणारे एंडोथेलीन कमी होते.

हा फरक माणसाच्या दंडावर मोजता येतो. हाताला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून तो पाच मिनिटे घट्ट फुगवून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. अडलेले रक्त जोराने वाहू लागते, त्याचा घासटा अंतःस्तराला जाणवतो, तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो, आणि दंडातील धमनी रुंदावते. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचा व्यास आधी आणि नंतर मोजला जातो. हा बदल मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो, परंतु त्यात धमनीचे आरोग्य वाचता येते. निरोगी लोकांवर अशी मोजणी केल्यावर पुरुषांमध्ये ही क्षमता चाळिशीनंतर घटू लागते, तर स्त्रियांमध्ये ती पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत टिकते आणि त्यानंतर पुरुषांपेक्षाही वेगाने उतरते, असे दिसले आहे. रजोनिवृत्तीचे वय साधारण 45 ते 55 असते, हे लक्षात घेतले की या उताराची वेळ बोलकी ठरते.

याच काळात रक्तातील मेदही बदलतात. इस्ट्रोजेनमुळे यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल पकडणारे ग्राहक वाढतात आणि ते रक्तातून अधिक प्रमाणात काढून घेतले जाते. संप्रेरक घटले की ही उचल मंदावते. रजोनिवृत्तीच्या वाटेवरील स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अमेरिकी अभ्यासात शेवटच्या पाळीच्या आगेमागे साधारण एका वर्षाच्या काळात एकूण आणि एलडीएल कोलेस्टेरॉलने ठळक उडी घेतल्याचे दिसले. केवळ वय वाढल्याने होणारी वाढ संथ आणि सलग असते. ही उडी तशी नव्हती. त्याच सुमारास मेद मांड्या आणि नितंब सोडून पोटाच्या आत, अवयवांभोवती साठू लागतो, धमन्या ताठर होतात आणि रक्तदाब चढू लागतो. आहार आणि हालचाल पूर्वीसारखीच असताना तपासणीचे आकडे अचानक का बिघडले, याचे कोडे अनेक स्त्रियांना पडते आणि त्या स्वतःलाच दोष देत राहतात. त्यांना हे कारण कोणीतरी नीट सांगायला हवे असते.

इतके सगळे ठाऊक असताना इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी हृदयविकार टळेल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन अमेरिकेत 1942 पासून बाजारात होते. गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांची तुलना करणारे मोठे निरीक्षणात्मक अभ्यास गोळ्यांच्या बाजूने बोलत होते. पण अशा तुलनेत एक खोट असते: स्वतःहून डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया सहसा सुस्थितीतल्या, कमी धूम्रपान करणाऱ्या आणि प्रकृतीकडे लक्ष देणाऱ्या असतात, त्यामुळे श्रेय गोळीचे की राहणीचे हे वेगळे करता येत नाही.

खरे तर इशारा आधीच मिळाला होता, आणि तो पुरुषांकडून मिळाला होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन पाहण्याचा प्रयोग अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीत झाला, आणि नवे झटके व रक्ताच्या गुठळ्या वाढल्यामुळे जास्त मात्रेचा गट 1970 मध्ये आणि कमी मात्रेचा 1973 मध्ये थांबवावा लागला. स्त्रियांच्या बाबतीत पहिला धक्का 1998 मध्ये ‘हर्स’ चाचणीने दिला. तीत आधीच हृदयविकार असलेल्या 2,763 स्त्रिया होत्या. त्यांच्यातील निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि बीजांडकोशांतल्याच दुसऱ्या संप्रेरकाचे, प्रोजेस्टेरॉनचे, कृत्रिम रूप, तर निम्म्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. सरासरी चार वर्षांनंतर एकूण फायदा शून्य होता, आणि पहिल्या वर्षात तर औषध घेणाऱ्या गटातच जास्त घटना घडल्या होत्या.

त्यानंतर आली ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’. तिच्या एका शाखेत गर्भाशय शाबूत असलेल्या 16,608 निरोगी स्त्रियांना हेच दोन संप्रेरक किंवा नुसती गोळी दिली जात होती. जुलै 2002 मध्ये ती शाखा मुदतीआधी बंद करण्यात आली. वृत्तपत्रांत हृदयविकार 29 टक्क्यांनी वाढल्याचे मथळे आले. त्या टक्केवारीमागचे आकडे असे होते: 10,000 स्त्रियांमागे वर्षाला औषध न घेणाऱ्यांत 30 आणि घेणाऱ्यांत 37 जणींना हृदयविकाराच्या घटनेला सामोरे जावे लागले. म्हणजे दर 10,000 मध्ये सात जणी अधिक. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता, पण ‘29 टक्के’ ऐकून मनात जे चित्र उभे राहते त्याहून तो खूप लहान होता. असंख्य स्त्रियांनी तेव्हा रातोरात गोळ्या सोडल्या; ज्यांचे अंग रात्री घामाने भिजत होते आणि झोप उडाली होती, त्यांनीही सोडल्या. जोखीम टक्क्यांत सांगायची की माणसांच्या संख्येत, हा मला केवळ मांडणीचा प्रश्न वाटत नाही, कारण त्यावर माणसे स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेतात.

मग प्रयोगशाळेत रक्तवाहिनी सैल करणारे संप्रेरक चाचणीत अपाय का करत होते? या चाचणीतील स्त्रियांचे वय 50 ते 79 होते आणि सरासरी वय 63. बहुतेकींची पाळी थांबून दहा वर्षे उलटून गेली होती. त्या अवधीत धमन्या बदललेल्या असतात. निरोगी अंतःस्तरावर इस्ट्रोजेनचे ग्राहक भरपूर असतात. मेद साचून कठीण झालेल्या भिंतीत ते घटतात, आणि निरोप ऐकणारेच उरत नाहीत. शिवाय तयार झालेल्या मेदाच्या थरावर जे तंतुमय टोपण असते ते विरघळवणारी विकरे इस्ट्रोजेनमुळे वाढू शकतात. टोपण फाटले की तिथे गुठळी बनते, आणि हृदयविकाराचा झटका म्हणजे बहुतेक वेळा हीच घटना. ज्या संप्रेरकाने तरुण धमनीत मेदाचा थर बसूच दिला नसता, त्यानेच जुना थर अस्थिर होऊ शकतो.

या कल्पनेला माकडांवरील प्रयोगांचा भक्कम आधार होता. बीजांडकोश काढल्यानंतर लगेच इस्ट्रोजेन मिळालेल्या माकडिणींच्या हृदयधमन्यांत मेदाचा थर सुमारे 70 टक्क्यांनी कमी आढळला. तेच इस्ट्रोजेन दोन वर्षे उशिरा, म्हणजे माणसाच्या हिशेबात सुमारे सहा वर्षांनी, सुरू केले तर फरक पडला नाही. माणसांत याची थेट परीक्षा ‘एलीट’ नावाच्या चाचणीने घेतली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. तीत 643 स्त्रियांचे दोन भाग केले होते, पाळी थांबून सहा वर्षेही न झालेल्या आणि दहा वर्षे किंवा अधिक झालेल्या. पहिल्या भागात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांच्या मानेतील धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दुसऱ्या भागात काहीच झाले नाही. मात्र ‘कीप्स’ नावाच्या दुसऱ्या एका चाचणीत, नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या 727 स्त्रियांमध्येही, धमनीच्या जाडीत असा फरक दिसला नव्हता. म्हणून आजची वैद्यकीय भूमिका मला योग्य वाटते: वय 60 च्या आत असेल, किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे झाली नसतील, आणि गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार किंवा स्तनाचा कर्करोग यांचा इतिहास नसेल, तर अंगातून वाफा येणे आणि घाम यांसारख्या त्रासासाठी संप्रेरके घेण्यात फायदा सहसा जोखमीपेक्षा जास्त असतो, पण केवळ हृदयविकार टाळण्यासाठी ती घेऊ नयेत.

वेळेइतकीच वाटही महत्त्वाची आहे, आणि या मुद्द्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. गिळलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात पोहोचते. यकृत हा रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा कारखाना आहे. इस्ट्रोजेनचा एकदम मोठा लोट आला की तो ही प्रथिने वाढवतो, आणि त्याचबरोबर ट्रायग्लिसराइड हे रक्तातील मेदही. त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून किंवा जेलमधून तेच इस्ट्रोजेन हळूहळू रक्तात उतरते आणि यकृतावर तो लोट येत नाही. म्हणून निरीक्षणात्मक अभ्यासांत पट्टी वापरणाऱ्यांमध्ये शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण गोळ्यांच्या तुलनेत कमी आढळले आहे. सोबत दिले जाणारे प्रोजेस्टेरॉन कोणते, यानेही फरक पडतो. काही कृत्रिम प्रकार इस्ट्रोजेनचा रक्तवाहिन्यांवरील आणि मेदांवरील चांगला परिणाम काही अंशी पुसून टाकतात.

गर्भनिरोधक गोळ्यांचाही हिशेब याच यकृतापाशी येतो. गोळ्या न घेणाऱ्या तरुण स्त्रियांत वर्षाला 10,000 मागे सुमारे दोघींना शिरांतील गुठळीचा त्रास होतो; इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गोळ्यांनी हा आकडा प्रकारानुसार पाच ते बारापर्यंत जातो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो याहून जास्त असतो. निरोगी तरुणीसाठी ही जोखीम लहान आहे. पण 35 वर्षांवरील धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने, किंवा जिचा रक्तदाब वाढलेला आहे तिने, या मिश्र गोळ्या टाळायच्या असतात, कारण तिच्या धमन्यांत हा निरोप वेगळ्याच परिस्थितीत पोहोचतो.

आता पुरुषांकडे वळू. पुरुषाच्या रक्तातही इस्ट्रोजेन असते. ते मुख्यतः वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून, ॲरोमाटेज नावाच्या विकराच्या मदतीने तयार होते. ऐकून आश्चर्य वाटेल, पण साठीच्या पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा साधारणतः अधिक इस्ट्रोजेन असते. ते पुरुषाच्या धमन्यांना लागते का, याचे उत्तर एका दुर्मीळ रुग्णाने दिले. 1994 मध्ये वर्णन झालेल्या या 28 वर्षांच्या तरुणात इस्ट्रोजेनचा ग्राहकच जन्मतः निकामी होता. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन होते, टेस्टोस्टेरॉनही होते, पण इस्ट्रोजेनचा निरोप घेणारे कोणी नव्हते. त्याची उंची 204 सेंटिमीटर झाली होती आणि हाडांची टोके अजून जुळली नव्हती. पुढे त्याच्या रक्तवाहिन्या तपासल्या तेव्हा अंतःस्तराचे काम बिघडलेले आढळले, आणि तिशीतच हृदयधमनीत कॅल्शियम साचू लागलेले दिसले. एका माणसावरून नियम बांधता येत नाही. तरीही इस्ट्रोजेन हे केवळ ‘बायकांचे’ संप्रेरक आहे ही समजूत सोडून देण्यास हे एक उदाहरण मला पुरेसे वाटते.

टेस्टोस्टेरॉन स्वतः दोन्ही बाजूंना ओढते. ते हृदयधमन्या थेट सैल करू शकते. पण बाहेरून दिल्यास तांबड्या पेशी वाढवून रक्त दाट करते, आणि मोठ्या मात्रेत एचडीएल, म्हणजे ‘चांगले’, कोलेस्टेरॉल खाली आणते. वय, लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्यासोबत ते घटते, म्हणून हृदयविकार असलेल्यांत ते कमी आढळते. पण तिथे ते आजाराचे कारण असते की आजाराची खूण, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ‘ट्रॅव्हर्स’ या चाचणीत टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेल्या आणि हृदयविकार किंवा त्याची मोठी जोखीम असलेल्या 5,000 हून अधिक पुरुषांना ते देऊन पाहिले गेले. 2023 मधील तिच्या निकालानुसार हृदयविकाराच्या गंभीर घटना औषध घेणाऱ्यांत 7.0 टक्के आणि न घेणाऱ्यांत 7.3 टक्के होत्या, म्हणजे जवळजवळ सारख्याच. परंतु हृदयाची लय अनियमित होणे, मूत्रपिंडाला अचानक इजा आणि फुप्फुसात गुठळी जाणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत जास्त झाले. हा निकाल शरीरात कमी असलेले भरून काढण्यापुरता आहे. व्यायामशाळेत स्नायू वाढवण्यासाठी नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट टेस्टोस्टेरॉनसारखी स्टेरॉइड टोचून घेणाऱ्यांना तो लागू होत नाही. तिथे हृदयाचा स्नायू जाड होतो, त्याची रक्त ढकलण्याची ताकद घटते आणि तरुण वयातच धमन्यांत मेद साचतो.

संप्रेरकांचा प्रभाव हृदयाच्या विद्युतलयीवरही असतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होण्यास लागणारा वेळ ईसीजीवर मोजता येतो, आणि टेस्टोस्टेरॉनमुळे तो वयात आलेल्या पुरुषांत थोडा कमी असतो. त्यामुळेच हा वेळ लांबवणाऱ्या काही औषधांनी निर्माण होणारी धोक्याची लय स्त्रियांमध्ये अधिक आढळते.

या सगळ्या माहितीतून एक गोष्ट व्यवहारात सर्वांत आधी उतरायला हवी, असे मला मनापासून वाटते. ज्या स्त्रीची पाळी चाळिशीच्या आत थांबली, किंवा शस्त्रक्रियेत दोन्ही बीजांडकोश काढावे लागले, तिच्या धमन्यांची इस्ट्रोजेनची साथ दहा किंवा अधिक वर्षे आधीच सुटलेली असते, आणि तिची हृदयविकाराची जोखीम वाढलेली असते. तिच्यासाठी 63 वर्षांच्या स्त्रियांवरील चाचणीचा निकाल लावणे चूक आहे. मनाई करणारे दुसरे कारण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, संप्रेरके देण्याची शिफारस मार्गदर्शक तत्त्वे करतात. तसेच गरोदरपणी रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रीची पुढील आयुष्यातील हृदयविकाराची जोखीम सुमारे दुप्पट असते, आणि मधुमेह असेल तर पाळी चालू असताना पुरुषांच्या तुलनेत मिळणारे संरक्षणही बरेचसे पुसले जाते. हृदयतपासणीला गेलेल्या स्त्रीला छातीत दुखते का हे विचारले जाते, पण पाळी कधी थांबली, गरोदरपणी रक्तदाब वाढला होता का आणि बीजांडकोश काढले आहेत का, हे क्वचितच विचारले जाते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ही तीन उत्तरे तिने स्वतःहून सांगावीत, आणि शेवटच्या पाळीच्या आगेमागे त्या एका वर्षात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.